अवतरण चिन्हातली तूर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिला होता ‘कविता आणि व्यवहार’. मी व्यवहारापासून सुरू करतो, कवितेला वेळ उरला तर उरला. अकोल्याच्या बाजारात मी एका अडत दुकानावर दिवाणजी आहे. दिवसा काटापट्ट्या लिहायच्या आणि रात्री गझला, असा तीस वर्षांचा शिरस्ता. घर मूळचं अमरावतीचं. त्यामुळे बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही वाट पायाखालची नसली तरी एसटीच्या खिडकीखालची आहे. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. आमच्या गोष्टीतला टेम्पो याच रस्त्यावरून गेला, आणि चुकीच्या दिशेने गेला.

मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात माझी थोरली बहीण राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अमरावतीहून इंजिनिअर झाला. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरी बसून करतो. गाव असं की अकोला आणि अमरावती दोन्ही बाजार जवळजवळ सारखेच लांब. माल कुठे न्यावा हा तिथला रोजचा प्रश्न. भाच्याने २०२२ मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो रोज संध्याकाळी इंटरनेटवरून पाच-सहा बाजारांतले भाव आणायचा, तूर, सोयाबीन आणि हरभरा यांना सर्वांत जास्त भाव कुठे मिळाला ते काढायचा आणि गावातल्या चाळीसेक शेतकऱ्यांच्या मोबाइलवर धाडायचा. पैसे घेत नव्हता. आपाला त्याचं फार कौतुक. मलाही होतं, पण मामाने ते तोंडावर दाखवायचं नसतं.

प्रोग्रॅम भाव आणतो म्हणजे काय करतो, हे थोडं सांगायला हवं. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते. आत काय कारभार चालतो ते आपल्याला दिसत नाही. आपण खिडकीशी ठरलेल्या पद्धतीने विचारतो आणि ठरलेल्या पद्धतीचं उत्तर मिळतं. संगणकाच्या जगात अशा खिडकीला एपीआय म्हणतात. फरक इतकाच की इथे विचारणारा माणूस नसतो, दुसरा प्रोग्रॅम असतो. देशभरच्या बाजार समित्यांमधली आवक आणि भाव एका ठिकाणी मांडणारी ‘अॅगमार्कनेट’ ही केंद्राची योजना मार्च २००० मध्ये सुरू झाली. सरकारी आकडेवारी खुली करणारं ‘ओपन गव्हर्नमेंट डेटा’ हे व्यासपीठ २०१२ मध्ये आलं, तर ‘ई-नाम’ १४ एप्रिल २०१६ रोजी. भाव मांडणारी खाजगी ठिकाणंही पुष्कळ आहेत. भाच्याने यांतली किंवा यांच्याबाहेरची कोणती खिडकी धरली होती, ते मी सांगणार नाही. चूक खिडकीची नव्हती.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग २०२३ सालात तुरीने क्विंटलला दहा हजारांचा उंबरठा ओलांडला. सरकारने त्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव सात हजार धरला होता, यावरून त्या तेजीची कल्पना यावी. एके संध्याकाळी गावात मेसेज गेला की उद्या तूर अमरावतीला न्या, तिथे भाव सर्वांत जास्त. आपाच्या शेजारचे एक म्हातारे शेतकरी आहेत. त्यांनी अकरा क्विंटल तूर टेम्पोत भरली आणि अमरावतीला नेली. आकडे मी गोल करून सांगतो. अमरावतीत त्यांना नऊ हजार आठशे पन्नास मिळाले. त्याच दिवशी अकोल्यात तशाच मालाला दहा हजार दीडशे होते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, त्या दिवशीच्या पट्ट्या मीच लिहीत होतो. आदल्या दिवशीचा फरकही तितकाच होता. क्विंटलमागे तीनशे, अकरा क्विंटलचे तेहतीसशे रुपये.

दोन दिवसांनी म्हातारबांचा फोन आला. “दिवाणजी, भाव तं तुमच्याच बाजारात जास्त होता न! मंग पोरानं अमरावती काहून लिवली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याकडेही नव्हतं. रविवारी तो लॅपटॉप घेऊन दुकानावर आला. गादीवर मांडी घालून बसला आणि खिडकीतून आलेलं उत्तर पडद्यावर जसंच्या तसं उघडलं. डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे मजकूर. बाजार, शेतमाल, जात, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. म्हटलं तर आमची काटापट्टीच, फक्त इंग्रजीत. मी चष्मा लावून बघत होतो. मला एक गोष्ट खटकली.

“अरे, हे भावाच्या दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं कशाला? हे काय कुणी बोललंय का?”

“नाही मामू, ते असंच येतं...” तो म्हणाला आणि थांबला. मग त्याने कपाळावर हात मारला.

श्रोतेहो, गंमत इथे आहे. त्या लिखाणाच्या पद्धतीला जेसन म्हणतात. त्यात अवतरण चिन्हात जे येतं ते शब्द, आणि चिन्हांशिवाय जे येतं ते अंक. आपल्या डोळ्यांना दोन्ही दहा हजार दीडशेच दिसतात. यंत्र मात्र शब्दांची तुलना शब्दकोशासारखी करतं, पहिल्या अक्षरापासून. ‘१०१५०’ आणि ‘९८५०’ हे दोन शब्द घ्या. पहिलं अक्षर एक आणि नऊ. नऊ मोठा. झालं, पुढे बघायचं कारणच नाही. म्हणून यंत्राच्या मते नऊ हजार आठशे पन्नास हे दहा हजार दीडशेपेक्षा जास्त! आणि ही चूक पहिल्या दिवसापासून तिथेच होती. सगळे भाव चार आकडी होते तोवर शब्द म्हणून केलेली तुलनाही बरोबरच येत होती. तुरीने पाचवा आकडा गाठला आणि झोपलेली चूक उठून बसली. वर्षभर बरोबर चाललं म्हणून आम्ही तिला बरोबर समजत होतो.

भाचा गप्प झाला होता. “मी बंद करतो हे,” म्हणाला. मी म्हटलं, आधी चहा पी.

त्याने बंद केलं नाही, नव्याने लिहिलं. यावेळी त्याने टाइप असलेली क्लायंट लायब्ररी घेतली. शब्द जड आहे, वस्तू अगदी हलकी आहे. आधी तो खिडकीला विचारायचा प्रश्न दर वेळी हाताने लिहायचा आणि येईल ते उत्तर तसंच उचलायचा. रकान्याच्या नावात एक अक्षर चुकलं तरी कुणी ओरडायचं नाही, हाती नुसतं ‘काही नाही’ यायचं आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागायचा. आता आधी एक आराखडा लिहायचा. या खिडकीला काय काय विचारता येतं, उत्तरात कोणते रकाने येतात, कोणता शब्द, कोणता अंक, कोणता रिकामा राहू शकतो. असे आराखडे लिहिण्याची ‘ओपनएपीआय’ नावाची एक सर्वमान्य रीत आहे. पूर्वी तिला स्वॅगर म्हणत. आराखड्यावरून टाइप तयार होतात, आणि मधली लायब्ररी ते टाइप घेऊन खिडकीशी बोलते. तिचं वजन काही किलोबाइट, म्हणजे मोबाइलवरच्या एखाद्या फोटोच्या पासंगालाही पुरणार नाही. अँड्रॉइडवाल्यांकडे ‘रेट्रोफिट’ हे याच वळणाचं जुनं साधन आहे. हलकी कशाला हवी, असं मी विचारलं. तो म्हणाला, “भाव दाखवणारं पान गावातल्या फोनवर उघडतं, मामू. रेंज कशी असते तुम्हाला माहीत आहे. आणि लायब्ररी जितकी लहान, तितकी मला अख्खी वाचून समजते.” दुसरं कारण मला जास्त पटलं.

त्याने लिहून दाखवलं. रकान्याचं नाव मुद्दाम चुकवलं तर शब्दाखाली लगेच लाल नागमोडी रेघ. अंकाच्या जागी शब्द ठेवला तर पुन्हा रेघ. प्रोग्रॅम अजून चालवलासुद्धा नव्हता, नुसता लिहिताना. मला एकदम आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. सुरेश भट अमरावतीचे, १९३२ चा जन्म. नव्या मुलांना ते ‘गझलेची बाराखडी’ पाठवत. तिची झेरॉक्स फिरत फिरत माझ्यापर्यंतही आली होती. वृत्त म्हणजे दुसरं काय आहे? या जागी लघू, या जागी गुरू, इथे काफिया, इथे रदीफ. लघूच्या जागी गुरू बसवला की जाणत्याचं बोट त्या अक्षरावर आलंच म्हणून समजा, शेर मुशायऱ्यात जायच्या आधी. भाच्याला म्हटलं, तुझी ही लाल रेघ म्हणजे उस्तादाचं बोट आहे. तो हसला. “आता चूक होणारच नाही,” म्हणाला.

असं कुणी म्हटलं की दिवाणजीच्या पोटात गोळा येतो.

मी विचारलं, “आराखड्यात भावापुढे ‘अंक’ कुणी लिहिलं?”

“मीच. त्या खिडकीचा तयार आराखडा नव्हता.”

“आणि खिडकीतून अजून अवतरण चिन्हातच येतंय का?”

त्याने चालवून पाहिलं. येत होतं! म्हणजे त्याने ‘अंक’ लिहिलं, कारण भाव हा अंकच असायला हवा असं त्याचं मत होतं. खिडकीला कुणी विचारलंच नव्हतं. आणि यंत्राने मान डोलावली, कारण टाइपची सगळी तपासणी लिहिण्याच्या वेळची. त्याची भाषा टाइपस्क्रिप्ट, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये लोकांपुढे आणलेली. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो तेव्हा त्यातले टाइप पुसले जातात आणि खाली साधी जावास्क्रिप्ट उरते. लाल रेघ फक्त एवढंच बघते की तू दिलेल्या वचनाप्रमाणे तूच वागतोस ना. समोरचा वागतो का, हे ती बघत नाही. उस्तादाचं बोट शेरावर असतं, श्रोत्यांवर नाही.

इथे मला आमच्या वऱ्हाडची एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकरी शेजारी उभा असून त्याला कळायचं नाही की त्याच्या कापसाचं काय झालं. मापं गावोगाव वेगळी. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजा इथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याची नोंद आहे. मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. आजच्या बाजार समित्यांची ही पणजी. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा नव्हतं. कायद्याने काय केलं? बाजार कुठे भरेल, दलाल कोण, मापारी कोण, हे लिहून ठेवलं. पण नुसत्या लिहिण्याने पोतं तोललं जात नाही. त्यासाठी काट्याशी माणूस उभा लागतो. पट्टीवर ‘क्विंटल’ छापलेलं असतं, म्हणून पोत्यात क्विंटल असतं असं नाही. आमचे मापारी पोतं काट्यावर चढल्याशिवाय आकडा बोलत नाहीत, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

भाच्याला हेच सांगितलं. दारात मापारी बसव.

त्याने बसवला. अशी कामं करणारी ‘झॉड’सारखी साधनं आहेत, त्यातलं एक घेतलं. आता उत्तर आलं की आत घेण्याआधी प्रत्येक रकाना तोलला जातो. अवतरण चिन्हात अंक असेल तर चिन्हं काढून अंक करायचा. जमलं नाही तर आत घ्यायचंच नाही, आणि भाच्याच्या फोनवर बोंब. आराखड्यातही त्याने ‘अंक’ खोडून खरं ते लिहिलं, ‘शब्द’.

यातही एक खड्डा निघालाच. बाजार बंद असेल त्या दिवशी भावाचा रकाना रिकामा येतो. अवतरण चिन्ह उघडलं, लगेच मिटलं, आत काही नाही. जावास्क्रिप्टला या रिकाम्या शब्दाचा अंक करून माग म्हटलं तर ती शून्य देते. बिनदिक्कत. म्हणजे पोळ्याच्या दिवशी गावभर मेसेज जाणार की तुरीचा भाव शून्य! रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे कवीला शिकवावं लागत नाही. ओळ संपल्यावरची जागा रिकामी असते, पण ती काही न म्हणण्याची जागा नसते. असो. भाच्याने रिकाम्याला वेगळा रकाना दिला, ‘आज व्यवहार नाही’.

नावांचा घोळ थोडक्यात सांगतो. आमच्या अमरावतीची इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. इंग्रजांच्या काळातली तर आणखी निराळीच. शिवाय आंध्रातही एक अमरावती आहे. तेव्हा नावावर न जाता प्रत्येक बाजाराला एक क्रमांक दिला.

एककांचं मात्र थोडं लांबवतो, कारण तिथे तेहतीसशेपेक्षा मोठा घात होऊ शकतो. आमच्याकडे कपाशीचा, म्हणजे सरकीसकट कापसाचा भाव क्विंटलवर. तोच कापूस जिनिंगमधून रुई होऊन निघाला की व्यापारी खंडीवर बोलतात. खंडी म्हणजे जुने सातशे चौऱ्याऐंशी पौंड, आजचे सुमारे तीनशे छप्पन्न किलो. दोन्ही आकडे अंकच आहेत. लाल रेघेला त्यात काही खटकणार नाही, मापाऱ्यालाही नाही. पण खंडीचा भाव क्विंटलच्या रकान्यात गेला तर काय होईल, याचा विचार करा. मोठमोठ्यांकडून हे झालेलं आहे. अमेरिकेच्या नासाचं मंगळाकडे गेलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झालं. एका गटाच्या प्रोग्रॅमने आकडे पौंडाच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून घेतले. आकडा पोचला, माप वाटेत राहिलं. भाच्याने आता नुसता ‘अंक’ हा टाइप ठेवलेला नाही. ‘रुपये दर क्विंटल’ हा वेगळा आणि ‘रुपये दर खंडी’ हा वेगळा. एकाच्या जागी दुसरा ठेवला की रेघ येते.

आणि तरीही. एक अनुभव माझा स्वतःचा आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी अर्ज भरत होतो. माझं नाव लिहून झाल्यावर खिडकीतल्या बाईंनी कागद ओढून घेतला आणि पुढचं त्याच भरभर लिहू लागल्या. वेळ वाचावा म्हणून, मनात काही नव्हतं. ‘मातृभाषा’ या रकान्यात त्यांनी मला न विचारता ‘उर्दू’ लिहिलं. आमच्या घरात बोली दखनी वळणाची आहे हे खरं. पण मी पंधरा वर्षांचा असल्यापासून मराठीत लिहितोय, माझी तीन पुस्तकं मराठीत आहेत, आणि त्या रकान्यात काय लिहायचं यावर मी कधीकधी रात्र रात्र विचार केलेला आहे. रकाना शब्दाचा होता, त्यात शब्दच भरला गेला. ‘उर्दू’ हा शब्द आहे, शुद्धलेखनही बरोबर. कोणतीही लाल रेघ त्याखाली आली नसती. मी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आणखी एक नियम घातला. कालच्या भावापेक्षा आजचा भाव फार खाली किंवा फार वर दिसला तर मेसेज आपोआप जायचा नाही, आधी बाजारातल्या कुणाला तरी फोन करून विचारायचं. अकोल्यातला ‘कुणी तरी’ म्हणजे मी. कुणी दहा हजार दीडशेच्या जागी एक हजार पंधरा टाइप केलं, तर तोही अंकच असतो.

राहिले म्हातारबा. भाचा त्यांच्याकडे तेहतीसशे रुपये घेऊन गेला. मला वाटलं होतं ते घेणार नाहीत, कथेत तसंच होतं. त्यांनी घेतले. दोनदा मोजले, टेम्पोचं भाडं वेगळं सांगितलं, तेही घेतलं. “पोरा, हिशेब म्हंजे हिशेब,” एवढंच बोलले. भाचा उतरलेल्या तोंडाने परत आला. चार दिवसांनी आपाकडे त्यांनी विचारणा केली की मेसेज काहून येत नाही.

आता मेसेज पुन्हा जातो. संध्याकाळी तो पोचला की म्हातारबा मला फोन करतात. न चुकता. “दिवाणजी, मोबाइलवर तुरीचं अमुक अमुक आलं. खरं हाय काय?” मी दिवसाच्या पट्ट्या पुढे ओढतो आणि वाचून दाखवतो. लाल तूर, ओलावा इतका, भाव इतका, क्विंटलला. पलीकडे ते बोटाने मोबाइलवरचा आकडा धरून बसलेले असतात. माझं वाचून झालं की म्हणतात, “जुळलं,” आणि फोन ठेवून देतात.